भाकर आणि पंगत

'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण आपल्या कानांवर लहानपणापासून पडलेली आहे. पाने मांडलेली असावीत, भूक लागलेली असावी आणि घरातल्या कोणी पूजा लांबवली, की ही म्हण हमखास निघते. आपण ती हसत हसत म्हणतो. पण तिच्या पोटात एक समजूत दडलेली आहे. पोटाचे खाते निराळे आणि देवाचे खाते निराळे. एकाचा हिशेब चुलीपाशी, दुसऱ्याचा देवळात. वाद काय तो एवढाच, की आधी नंबर कोणाचा लावायचा.

आज ज्या प्रार्थनेविषयी मी तुमच्याशी बोलणार आहे, ती प्रार्थना ही वाटणीच मानत नाही. येशू ख्रिस्ताने आपल्या शिष्यांना शिकवलेली ही प्रार्थना. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात ती आहे, आणि थोडी आटोपशीर अशी लूकच्या अकराव्या अध्यायातही आहे. वसईच्या मिस्सेत ती म्हणतात, नगर-जालन्याकडच्या मंडळ्यांत म्हणतात, कोल्हापूर-मिरजेकडेही म्हणतात. एकमेकांचे आचार-विचार न पटणारे ख्रिस्ती पंथदेखील या प्रार्थनेपाशी एक होतात. म्हणायला फार तर अर्धा मिनिट लागतो. लहान मूल बोलायला लागले, की त्याला ती शिकवतात. आणि मरणाच्या दारी असलेल्या माणसाच्या उशाशीही तीच म्हणतात.

या प्रार्थनेत मागण्या कोणत्या क्रमाने आल्या आहेत ते बघा. आधी देवाचे नाव, मग देवाचे राज्य, मग देवाची इच्छा. इथपर्यंत आपण म्हणू, की विठोबा आधी आला. पण लगेच पुढची मागणी आहे भाकरीची. आणि पापांच्या क्षमेची मागणी? ती भाकरीच्या मागून आली आहे! ज्या प्रार्थनेत स्वर्गाची गोष्ट निघते, तीत माणसाचे पोट विसरलेले नाही. आणि ते कुठे ओशाळून कोपऱ्यातही बसवलेले नाही. चांगले मधोमध मांडलेले आहे.

आता 'भाकर' या शब्दाविषयी. मराठी बायबलात या ठिकाणी 'भाकर' हा शब्द आहे, आणि तो मला फार समर्पक वाटतो. पोळी नाही, पुरी नाही, पक्वान्न नाही. योहानाच्या शुभवर्तमानात पाच हजारांच्या जेवणाची कथा आहे. तीत एका मुलाजवळ पाच भाकरी होत्या, आणि त्या जवाच्या होत्या असे योहान आवर्जून सांगतो. त्या मुलखात गहू खाणारा तो सुखवस्तू, आणि जव खाणारा तो गरीब. म्हणजे आपल्याकडे ज्वारी-बाजरीची जी गोष्ट, तीच तिकडे जवाची. येशूच्या हाती आलेली भाकर ही कष्टकऱ्याच्या फडक्यात बांधलेली भाकर होती.

'रोजची' या शब्दामागे तर मोठाच इतिहास आहे. मूळ ग्रीक भाषेत इथे जे विशेषण आहे, ते या प्रार्थनेखेरीज जवळजवळ कुठेच सापडत नाही. तिसऱ्या शतकातला ओरिजेन हा ग्रीक जाणणारा मोठा पंडित. त्यानेही सांगून ठेवले, की हा शब्द ना विद्वानांच्या वापरात आहे, ना सामान्यांच्या. शुभवर्तमानकारांनीच तो घडवला असावा. पुढे चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम याने शुभवर्तमानांची लॅटिन प्रत सिद्ध केली. तीत लूकच्या ठिकाणी त्याने 'रोजची' असा अर्थ दिला, आणि मत्तयाच्या ठिकाणी 'सर्व पदार्थांच्या पलीकडची' असा! शब्द एक आणि अर्थ दोन. तेव्हापासून पंडितांचा वाद चालू आहे. ही भाकर पोटाची की आत्म्याची? आजची की उद्याची?

वाद विद्वानांनी करावा. पण आपल्या भाषेत 'रोज' या शब्दाला एक अर्थ आहे, तो कोणत्याही कोशापेक्षा मजुराला अधिक ठाऊक आहे. 'आज रोज किती मिळाला?' असे आपण विचारतो. रोज म्हणजे दिवस, आणि रोज म्हणजे दिवसाची मजुरीही. येशूने एक दृष्टान्त सांगितला आहे. द्राक्षमळ्याचा धनी सकाळी बाजारात जाऊन मजूर ठरवतो. मग पुन्हा नवाच्या सुमाराला जातो, दुपारी जातो, आणि दिवस मावळायला तासभर उरला असताही जातो. तेव्हाही तिथे काही जण उभेच असतात. का उभे आहात, असे विचारले तर म्हणतात, आम्हांला कोणी कामावर लावलेच नाही. संध्याकाळी धनी सगळ्यांच्या हातावर एक एक दिनार ठेवतो. दिनार म्हणजे त्या काळचा पुरा रोज. सकाळपासून राबलेले कुरकुर करतात, आणि त्यांची कुरकुर व्यवहाराला धरूनच आहे. पण धन्याने वेगळाच हिशेब केला होता. एक तास काम मिळालेल्या माणसाच्या घरीही रात्री तितकीच तोंडे जेवायला बसणार होती. आज आपल्या शहरांतल्या मजूर-अड्ड्यांवर दहा वाजून गेल्यावरही जे थांबलेले दिसतात, त्यांच्याकडे पाहिले की हा दृष्टान्त समजावून सांगावा लागत नाही.

रोजची भाकर म्हणजे साठवणुकीची भाकर नव्हे, हेही लक्षात ठेवू या. इस्राएल लोक रानात भटकत असताना त्यांना मान्ना नावाचे अन्न मिळे, अशी निर्गमच्या पुस्तकात कथा आहे. ज्याने त्याने त्या दिवसापुरते वेचायचे. कोणी हावरेपणाने उद्यासाठी ठेवले, तर सकाळपर्यंत त्यात किडे पडत. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट वेचण्याची मोकळीक होती, कारण दुसरा दिवस विसाव्याचा. साठेबाजीवर यापेक्षा परखड टीका मी वाचलेली नाही.

पण मंडळी, इथे एक अडचण उभी राहते. ती मला एका खेड्यात, एका वयोवृद्ध शेतकऱ्याच्या ओसरीवर ऐकायला मिळाली. नगरकडचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला हा ऊसपट्टा. मंडळीतले सगळे त्या गृहस्थांना आबा म्हणतात. उपासना आटोपून आम्ही चहा घेत होतो. आबा म्हणाले, "सर, एक विचारू का? माझ्या घरात वर्षाची जवारी भरून ठेवलीया. आन् मी रोज सकाळी उठून देवाला आजची भाकर मागतो. ही लबाडी झाली का न्हाई?"

मी म्हणालो, "आबा, धान्य घरात असलं तरी खायला आरोग्य लागतं, पाऊस लागतो, पुढचं पीक लागतं. ते आपल्या हातात कुठं आहे?"

आबांनी मान डोलावली, पण त्यांचे समाधान झालेले दिसेना. आजी शेजारीच सूप घेऊन धान्य पाखडत होत्या. त्या हात न थांबवता म्हणाल्या, "अवो, मागताना 'माझी' कुठं म्हणता? 'आमची'च म्हणता ना? आपलं घर भरलंय. त्या फडाकडच्या कोप्यांतलं भरलंय का, ते बघून या."

श्रोतेहो, ऊसतोडीचा हंगाम ज्यांनी पाहिला आहे त्यांना आजींचे बोलणे लगेच कळेल. बीडकडून आणि इतर दुष्काळी भागांतून कुटुंबेच्या कुटुंबे येतात, उसाच्या पाचटाच्या कोप्या घालून राहतात. बायका पहाटेच्या अंधारात उठून भाकरी थापतात आणि दिवस उगवायच्या आत फडात उभ्या राहतात. आजींनी एका सर्वनामावर बोट ठेवले, आणि साऱ्या प्रार्थनेचा अर्थ उलगडला. ही प्रार्थना तुम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासून पाहा. तीत 'मी' नाही, 'माझे' नाही, 'मला' नाही. सगळे 'आमचे' आणि 'आम्हांला'. माणूस खोलीचे दार लावून एकटा बसला, तरी ही प्रार्थना त्याला एकट्याची म्हणून म्हणताच येत नाही. भरल्या घरातला माणूस जेव्हा ती म्हणतो, तेव्हा तो दुसऱ्याच्या रिकाम्या टोपल्याच्या वतीने बोलत असतो. आणि तसे बोलल्यावर त्याला स्वस्थ बसता येत नाही. कारण देवाकडे मागितलेली ती भाकर कदाचित त्याच्याच घरात ठेवलेली असते.

आता 'आमची' म्हणजे कोणाची, हा पुढचा प्रश्न. आणि खरी परीक्षा इथेच आहे. आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे, पंक्तिभेद. एकाच मांडवात बसवायचे, पण एकाला साजूक तूप आणि दुसऱ्याला नुसते वरण. किंवा एकाची पंगत आत आणि दुसऱ्याची अंगणाच्या कडेला. ख्रिस्ती मंडळीतला अगदी सुरुवातीचा मोठा वाद कशावरून झाला असेल असे तुम्हांला वाटते? तो पंक्तिभेदावरून झाला. अंत्युखिया शहरात पेत्र हा प्रमुख प्रेषित यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. पुढे यरुशलेमहून काही कर्मठ मंडळी आली, तेव्हा त्यांच्या भीतीने तो त्या पंगतीतून हळूच बाजूला झाला. पौलाने सर्वांसमक्ष त्याला धारेवर धरले. हे सगळे पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. माणूस देवाच्या दृष्टीने नीतिमान कशाने ठरतो, हा धर्मशास्त्रातला सर्वांत गहन सिद्धान्त त्याने त्याच ओघात मांडला आहे. म्हणजे सिद्धान्ताचे मूळ शोधत गेलो, तर आपण जेवणाच्या पंगतीपाशी येऊन पोचतो!

करिंथ शहरातली हकीकतही अशीच. ही गोष्ट इसवी सन 55 च्या सुमाराची. त्या वेळी ख्रिस्ती लोकांची वेगळी मंदिरे नव्हती. कोणा सुखवस्तू माणसाच्या घरी जमायचे, जेवायचे आणि त्या जेवणातच प्रभूच्या मरणाचे स्मरण करायचे. रोमन पद्धतीच्या घरात जेवणाच्या दालनात साधारण नऊ माणसांची सोय असे. बाकीच्यांनी अंगणात बसायचे. पौलाच्या पत्रावरून दिसते, की काही जण आधीच जेवून, पिऊन तर्र होत आणि काही उपाशी राहत. पौलाने त्यांना साफ सांगितले, की तुम्ही जे खाता ते प्रभूचे भोजनच नव्हे. जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबत जा. किती साधी सूचना! पण दिवसभराचे काम उरकून उशिरा येणाऱ्या माणसाला तिच्यात केवढा मान आहे.

आपल्या देशातल्या चर्चला ही परीक्षा चुकली नाही. तमिळ मुलखात कित्येक ठिकाणी एकाच चर्चमध्ये जातीजातींच्या बसण्याच्या जागा वेगळ्या असत, आणि प्रभुभोजन घेण्याचा क्रमही जातीप्रमाणे ठरलेला असे. 1833 साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी पत्र काढून सांगितले, की मंडळीतला जातिभेद पुरता आणि तात्काळ थांबला पाहिजे. त्यावर पुष्कळ कुटुंबे चर्च सोडून गेली. देवाला सोडणे त्यांना जमले असते की नाही कोणास ठाऊक, पण पंगत सोडणे जमले नाही. आणि हे दुखणे आजही पुरते बरे झालेले नाही. आजही लग्न जुळवताना कितीतरी ख्रिस्ती घरांत आधीच्या जातीची चौकशी होतेच. आपण ती हलक्या आवाजात करतो इतकेच.

आपल्या मराठीत या विषयावर एक अनमोल साक्ष आहे. कवी नारायण वामन टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी 1900 साली. मधल्या काळात ताटातूट झाली, पुढे दोघे पुन्हा एकत्र आले. पण लक्ष्मीबाईंचे सोवळे-ओवळे, त्यांचे पाणी, त्यांचा स्वयंपाक हे वेगळेच होते. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी हे सारे मनमोकळेपणाने सांगितले आहे. मग एके दिवशी त्यांनी स्वतःशीच विचार केला, की जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर मिळाले, की देवाने माणूस केला, जाती माणसाने केल्या. आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खायचे त्यांनी ठरवून टाकले. लक्षात घ्या, बाप्तिस्मा नंतर झाला, पण पंगत आधी बदलली. ज्या बाईने एकही धर्मशास्त्राची परीक्षा दिली नव्हती, तिने पौलाचे म्हणणे चुलीपाशी बसून सिद्ध केले.

हा वारसा केवळ ख्रिस्ती माणसाचा आहे असे मात्र मी म्हणणार नाही. श्राद्धाचे अन्न अस्पृश्य मानलेल्यांना वाढणाऱ्या एकनाथांची कथा महाराष्ट्र पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला आहे. 20 मार्च 1927 या दिवशी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी प्यायले, तेही याच प्रश्नाचे उत्तर होते. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी तर सत्यनारायणाच्या प्रसादाला झुणका-भाकर ठेवली, आणि ती सर्व जातींच्या माणसांनी एकत्र बसून खावी असा उपक्रम चालवला. भाकर हीच माणसे जोडते आणि भाकर हीच माणसे तोडते, हे आपल्या भूमीला पक्के ठाऊक आहे.

इथे एका कटू विषयाला हात घातला पाहिजे. ख्रिस्ती माणसाला पुष्कळदा ऐकावे लागते, की तुमचे पूर्वज भाकरीसाठी धर्मात गेले. दुष्काळांच्या काळात मिशनांनी अन्न दिले, आसरा दिला, आणि त्यानंतर पुष्कळांनी बाप्तिस्मा घेतला, हा इतिहास आहे. यावर माझे म्हणणे दोन प्रकारचे आहे. पहिले असे, की अन्नाला अट जोडली तर ते दान राहत नाही, तो सौदा होतो. आणि तसे जिथे घडले असेल तिथे ते या प्रार्थनेच्या विरुद्ध घडले. येशूनेही भाकरी खाऊन मागे लागलेल्या लोकांना, तुम्ही पोट भरले म्हणून मला शोधता, असे स्पष्टच सुनावले होते. त्याला मिंधे लोक नको होते. दुसरे असे, की उपाशी माणसाला हिणवण्याचा अधिकार ज्याने त्याला आपल्या पंगतीला कधी बसवले नाही त्याला नाही. पंडिता रमाबाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन अनाथ मुलींना घेऊन आल्या, केडगावच्या मुक्तिसदनात त्यांना जेवू घातले, लिहायला-वाचायला शिकवले, हाताला काम दिले. त्याच रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास करून साऱ्या बायबलाचे साध्या मराठीत भाषांतर केले. 1922 साली त्या वारल्या; ते बायबल 1924 साली प्रसिद्ध झाले. 'भाकर' हा शब्द त्यांनी कागदावर उतरवला तो आधी हजारो वेळा ताटात वाढून.

मग रोजच्या जगण्यात करायचे काय? मोठ्या योजना सरकारने आणि संस्थांनी कराव्यात. घराला झेपेल अशी एक रीत सांगतो. आपल्या देशाच्या पूर्व टोकाला मिझोराम आहे. तिथल्या ख्रिस्ती घरांत 1910 पासून एक प्रथा चालत आली आहे. स्वयंपाकाला तांदूळ काढताना घरची बाई त्यातली एक मूठ बाजूच्या भांड्यात टाकते. ते तांदूळ गोळा करून चर्चच्या कामाला लावतात. गरीब घरही त्यात मागे राहत नाही, कारण मूठभर कमी शिजल्याने कोणी उपाशी राहत नाही. आपल्याला ही गोष्ट परकी वाटायचे कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी आपल्याच आयाबायांनी मूठ-मूठ धान्य दिले, आणि त्या धान्यावर मुले शिकली. आमच्या मंडळ्यांतही हंगामानंतरच्या उपकारस्तुतीला कोणी जोंधळा आणतो, कोणी भोपळा, कोणी कोंबडी. मग त्यांचा लिलाव होतो आणि पैसा मंडळीच्या कामी लागतो. चांगली रीत आहे. मला एवढेच सुचवायचे आहे, की त्या ढिगातला एक वाटा लिलावाला न लावता कोप्यांकडे जावा. त्यांचा धर्म, गाव, जात न विचारता जावा.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या हाती तर याहून मोठी गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतल्या मुलांना शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, तेव्हापासून शाळेत रोज दुपारी पंगत बसते. खिचडी साधी असते, कधी पातळ, कधी घट्ट. पण कोणते मूल कोणाशेजारी बसते, कोण कोणाच्या हातचे वाढून घेते, कोण आपली थाळी उचलून दूर जाते, हे बघायला तिथे तुमच्याशिवाय दुसरे कोणी नसते. कोणत्याही तासाला शिकवता येणार नाही असा धडा त्या ओळीत रोज शिकवला जातो. तो उलटाही शिकवला जाऊ शकतो. शक्य असेल त्या दिवशी आपणही त्या ओळीत पान मांडून बसावे. भाषणाची गरज पडणार नाही.

तेव्हा, पोटोबा आधी की विठोबा आधी, हा वाद आपण सोडून देऊ या. माझ्या भाकरीची काळजी करणे हा प्रपंच आहे. तो कोणाला सुटलेला नाही. पण शेजाऱ्याच्या भाकरीची काळजी केली, की तीच गोष्ट परमार्थ होते. जो 'आमची' म्हणून मागतो त्याने मिळाल्यावर 'माझी' म्हणू नये, आणि पंगतीत कोणी मागे राहिले असेल तर त्याच्यासाठी थांबावे. ही प्रार्थना ख्रिस्ती मंडळीत जन्मली खरी; पण तिची भाकर थापायला कोणत्याही घरची चूल चालते.